भूगर्भातील ठेव

सूर्याच्या उष्णतेने सागराच्या पाण्याची वाफ होते, वाऱ्याबरोबर ती भूमीकडे येते, पर्जन्यरूपाने बरसते आणि नद्यांच्या वाटेने पुन्हा सागरास मिळते. जलचक्राची ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु या चक्राचा एक फेरा डोळ्यांआड, जमिनीच्या पोटात चालतो. त्याचा मात्र मनुष्यास सहज विसर पडतो.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हारस थरांवर थर पसरत गेला व थंड होऊन त्याचा हा खडक बनला. गंगेच्या मैदानात गाळाचे जाड थर विपुल पाणी साठवितात. तशी सोय या कठीण कातळात नाही. वरचा मुरूम, झिजलेला खडक आणि कातळातील भेगा, एवढेच काय ते पाण्याचे कोठार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते भरते आणि पुढील आठ महिन्यांत रिते होत जाते.

विहीर आटली की विंधनविहीर घ्यावी, तीही आटली की अधिक खोल जावे, हा उपाय आज जागोजागी दिसतो. ज्याच्या डोळ्यांदेखत बाग वाळत आहे, त्या शेतकऱ्याला नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. त्याची निकड खरी आहे. उपाय मात्र खरा नाही. खोल छिद्राने नवे पाणी निर्माण होत नाही, जुनी शिल्लक तेवढी लवकर संपते. शिवाय भेगांतून वाहणारे पाणी शेताचा बांध ओळखत नाही. एकाने भरमसाट उपसा केला की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते, आणि मग तोही यंत्र बोलावितो. या चढाओढीत अखेर दोघेही हरतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने निराळा मार्ग धरला. गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, झाडे राखली आणि पाणी मुरविले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतीसाठी विंधनविहीर घेण्यास त्यांनी बंदी घातली आणि पडलेल्या पावसाचे माप पाहून पिके ठरविण्याची प्रथा पाडली. यातच खरे मर्म आहे. पाणी अडविण्याचे काम हौसेने होते. खर्चाला लगाम घालणे जड जाते.

पर्जन्य निसर्गाच्या हाती आहे, उपसा मनुष्याच्या हाती आहे. कोठार एक आणि वाटेकरी अनेक असले, म्हणजे माप सर्वांनी मिळूनच ठरवावे लागते. जमिनीखालचे पाणी साऱ्या गावाची ठेव मानली, तरच ती पुढच्या पिढीच्या हाती पोचेल.