न्यास आणि संकेतस्थळ

व्यापाऱ्याची पेढी ओळखण्याच्या खुणा पूर्वी ठरलेल्या असत. रस्त्याकडे तोंड केलेली गादी, भिंतीवर तीर्थक्षेत्राचे चित्र, लाल कापडात बांधलेली चोपडी आणि दारावरचा नामफलक. आज त्या नामफलकाच्या जोडीला आणखी एक पाटी आली आहे. ती रस्त्यावरून दिसत नाही. परंतु सांगलीच्या हळदीचा किंवा इचलकरंजीच्या कापडाचा दूरदेशीचा खरेदीदार प्रथम तीच वाचतो. ही पाटी रंगवणारे कारागीर बहुधा एखाद्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत बसलेले असतात. चार ते आठ माणसे, तितकेच संगणक, कोपऱ्यात चहाचे सामान. त्यांच्यातला एखादा स्वतः व्यापारी घराण्यातला मुलगा असतो, नाहीतर सून असते. गादीपेक्षा पडद्यासमोर बसणे त्यांनी पसंत केलेले असते.

संकेतस्थळे घडवणाऱ्या या छोट्या कंपन्यांचे काम बाहेरून वाटते तितके चित्रकलेचे नसते. एक जण पानांची मांडणी करतो, दुसरा ती संगणकाच्या भाषेत उतरवतो, तिसरा मागची माहिती आणि सर्व्हर सांभाळतो. चौथा गिऱ्हाइकांकडे जातो आणि वसुली करतो. ज्याच्याकडे वसुली तोच मालक, एवढी एक गोष्ट या धंद्यातही जुनीच राहिली आहे. पुष्कळदा सारे काही मुळापासून रचावे लागत नाही. २००३ मध्ये प्रथम प्रकाशित झालेली वर्डप्रेससारखी मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, तिच्या पायावर इमारत उठते. कामाला खरा विलंब लागतो तो मजकुरासाठी. ‘अण्णा, तेवढे मालाचे फोटो आणि चार ओळी पाठवा की,’ असे महिनाभर विनवावे लागते. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, दाबून धूसर झालेली छायाचित्रे आणि दहा वर्षांपूर्वीचे माहितीपत्रक हाती पडते. मग दोष मात्र मांडणीला लागतो.

पैशाचा व्यवहार बहुधा तीन टप्प्यांत ठरतो: आरंभी काही रक्कम, मांडणी पसंत पडल्यावर काही, आणि संकेतस्थळ सुरू झाल्यावर उरलेली. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. पहिले दोन हप्ते येतात. तिसरा अडकतो. काम तर सुरू झाले, आता घाई कशाची, असा विचार करणारे गिऱ्हाईक दुर्मीळ नाही. आणि आपल्या मालाची उधारी थकली की ज्याची झोप उडते, तोच व्यापारी या कारागिराची उधारी निश्चिंत मनाने थकवतो, हेही सांगायला हवे. ज्याला पाच माणसांचे पगार सात तारखेला द्यायचे असतात, तो मग आपल्या रक्षणाची एक युक्ती योजतो. तो किल्ली स्वतःपाशी ठेवतो. या धंद्यातील सर्वांत कठीण प्रश्न येथून सुरू होतो.

ही किल्ली म्हणजे काय, हे थोडे उलगडून पाहावे लागेल. संकेतस्थळाचे तीन भाग असतात: त्याचे नाव, ते जिथे राहते ती जागा, आणि त्याची घडण. नाव विकत मिळत नाही. ते १ ते १० वर्षांच्या मुदतीने नोंदवले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ‘डॉट इन’ या शेपटीच्या नावांची नोंदवही भारतीय राष्ट्रीय इंटरनेट एक्सचेंज, म्हणजे निक्सी ही संस्था सांभाळते. नाव कोणाच्या नावावर नोंदले, यावर त्याची मालकी ठरते. व्यापाऱ्याला वाटते की पेढीचे नाव आहे म्हणजे ते पेढीचेच. प्रत्यक्षात सोयीसाठी म्हणून ते कंपनीच्या खात्यात, कधी तिथल्या एखाद्या नोकराच्या ईमेलवर नोंदलेले असते.

चार वर्षे काही बिघडत नाही. नंतर तो नोकर सोडून जातो, किंवा कंपनी बंद पडते, किंवा तिसऱ्या हप्त्यावरून उभयतांत बोलाचाली थांबते. नूतनीकरणाची सूचना अशा पेटीत जाऊन पडते, जी कोणी उघडत नाही. ‘डॉट कॉम’ नावाची मुदत टळली तर सुरुवातीच्या सवलतीच्या काळानंतर ते नोंदवहीतून खोडले जाते. त्यापुढचे ३० दिवस मोठे जादा शुल्क भरून ते सोडवता येते. त्यानंतर ते जगातील कोणालाही घेता येते. त्या नावावर चालणारी ईमेल त्याच दिवशी मुकी होते. बँकेच्या सूचना, निर्यातीची कागदपत्रे, गिऱ्हाइकांच्या मागण्या यांतले काहीच पोचत नाही. संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात मान्य केले आहे, आणि ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी लवादाची सोयही आहे. उपाय नाही असे नाही. परंतु हंगामाच्या तोंडावर पेढीची पाटी उतरलेली असताना लवाद हा उपाय सावकाशीचा ठरतो.

घडणीची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. परंतु बाहेरच्या कंपनीकडून मोल देऊन करवून घेतलेल्या संगणकीय लेखनाचा हक्क, तो लेखी करून दिला नसेल, तर त्या कंपनीकडेच राहतो. पैसे दिले म्हणून घडण आपली झाली, हा व्यापाऱ्याचा सहज समज कायद्यापुढे टिकत नाही. पावती पुरेशी नसते. हस्तांतरणाचा सही केलेला कागद लागतो.

येथे आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचे स्मरण होते. सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगताना ‘न्यासापहार’ हा शब्द येतो. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. हा अतिचार अचौर्यव्रताखाली असावा असे वाटते. पण तो सत्यव्रताखाली सांगितला आहे. टीकाकार आचार्य पूज्यपादांनी केलेल्या विवरणात त्याचे कारण सापडते. ठेव ठेवणारा आपण किती ठेवले होते ते विसरतो आणि कमी मागतो. ठेव सांभाळणारा खरा आकडा जाणत असूनही ‘हो, तेवढेच’ म्हणतो. हात कोठेच पुढे झाला नाही, कुलूप फुटले नाही. दोष त्या ‘हो’मध्ये आहे. आपल्यापाशी नेमकी कोणती ठेव आहे हे न जाणणाऱ्या गिऱ्हाइकाला न सांगणे, ही या धंद्यातली नेहमीची सोय आहे, आणि ती या विवरणाच्या कक्षेत जवळजवळ अक्षरशः बसते. थकलेल्या रकमेसाठी काम थांबवणे निराळे. ते उघड असते आणि करारात लिहिता येते. न विचारलेल्या ठेवीविषयी गप्प राहणे निराळे.

अदत्तादानाचे प्रसंग तर रोजच येतात. न दिलेले घेणे, एवढाच त्याचा अर्थ. शोधयंत्रावर सापडलेले केशराचे सुंदर छायाचित्र उचलून आपल्या मिठाईच्या पानावर लावणे हे न दिलेलेच घेणे आहे. ते कोणाच्या तरी श्रमाचे असते. अक्षरवळणांचेही तसेच. वास्तविक मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेले ‘मुक्ता’सारखे देखणे देवनागरी वळण मुक्त परवान्याने उपलब्ध आहे, तरीही चोरीची वळणे वापरणारे आहेत, केवळ सवयीने.

मोठा ताण मात्र गिऱ्हाइकाकडूनच येतो. ‘फक्त २ नग शिल्लक’ असे पानावर झळकावा, म्हणून सांगितले जाते, आणि गोदाम तर भरलेले असते. सवलत संपायला दहा मिनिटे उरली असे दाखवणारे घड्याळ लावायचे, आणि पान पुन्हा उघडले की ते पुन्हा दहावर. सूत्रांत ‘कूटलेखक्रिया’ म्हटले आहे ते याहून वेगळे नाही. फक्त लेखणी आता तिसऱ्याच्या हाती असते, म्हणजे त्या दोन खोल्यांत बसलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीच्या हाती. ती नाही म्हणाली तर काम जाते, आणि शेजारच्या इमारतीतली कंपनी ते निमूट करून देते. गेल्या काही वर्षांत तिच्या बाजूला कायदाही उभा राहिला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. खोटी घाई तीत पहिलीच आहे. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, सदस्यत्वातून बाहेर पडण्याची वाट लपवणे, किंमत शेवटच्या पायरीवर फुगवणे याही आहेत. ‘शेठजी, हे आता नियमात बसत नाही,’ असे सांगणे हे ‘मला पटत नाही’ म्हणण्यापेक्षा सोपे जाते. व्रताचे काम नियमाने करावे लागावे याची थोडी खंत वाटली तरी ते होते, हे काही कमी नाही.

वेळेचा प्रश्न उरतो. परदेशी गिऱ्हाइकांचा दिवस उजाडतो तेव्हा इकडे सूर्यास्त झालेला असतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याचा डबा साडेपाचला उघडायचा की बैठकीनंतर, हा निर्णय रोजचा. पर्युषणातही सर्व्हर बंद पडायचा थांबत नाही. येथे मालकाने मर्यादा आखली तरच ती टिकते. शिकागोत १९९९ मध्ये थर्टीसेवन सिग्नल्स नावाची एक छोटी संकेतस्थळ-रचना कंपनी निघाली. कामांचा पसारा सांभाळण्यासाठी तिने केलेले बेसकॅम्प हे साधन २००४ पासून इतरांनाही देऊ केले आणि पुढे तेच तिचा मुख्य धंदा झाले. पुरेसे यश मिळूनही संख्या मुद्दाम थोडी ठेवणे, उन्हाळ्यात आठवड्याला चारच दिवस काम करणे, हे तिने आवर्जून पाळले. परिग्रह-परिमाण हा शब्द त्या मंडळींना ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी लहान असणे म्हणजे आपोआप शांत असणे नव्हे: कामाच्या जागी राजकीय चर्चा नको, या निर्णयावरून २०२१ मध्ये तिचे सुमारे एक तृतीयांश कर्मचारी सोडून गेले.

महाराष्ट्रातील काही छोट्या कंपन्यांनी आता एक साधी रीत धरली आहे. नाव पहिल्या दिवसापासून व्यापाऱ्याच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदवायचे, कंपनीने फक्त सांभाळायचे. करारात दोन कलमे असतात: तिसरा हप्ता थकला तर नवे काम थांबेल, आणि तो मिळताच घडणीचा हक्क लेखी सुपूर्द होईल. संकेतस्थळ सुरू होण्याच्या दिवशी एका कागदावर नाव, नोंदणीची संस्था, मुदतीची तारीख, जागेचे खाते असे सर्व लिहून तो पाकिटात घालून पेढीवर दिला जातो. पाकीट बहुधा तिजोरीत, जुन्या खरेदीखतांच्या शेजारी जाते. तिसऱ्या हप्त्याचा धनादेश त्याच वेळी लिहून देणारे व्यापारीही आहेत.