राजापूरच्या पेठेचा हक्क

ज्या राजापूर बंदरात सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली आणि जिच्यावर 1661 मध्ये शिवछत्रपतींनी छापा घातला, त्या बंदराचा व्यापार खाडीत साचत गेलेल्या गाळाने हिरावून घेतला. आज अर्जुना नदीला पूर आला की जवाहर चौकातील दुकानदारांना माल माळ्यावर चढवावा लागतो. गलबते परतणार नाहीत, हे मान्य करूनही, नदीपात्रातील गाळ दरसाल उपसणे, जुन्या पेठेचे जतन करणे आणि आंबा, काजू, फणस यांवरील प्रक्रियेचे कारखाने तालुक्यातच उभारणे, एवढे तरी सरकारदरबारी अग्रक्रमाने मंजूर झाले पाहिजे. कारण ज्या गावाने एके काळी परदेशांशी व्यापार केला, त्याच्या तरुणांना उदरनिर्वाहासाठी मुंबईची वाट धरावी लागणे हा उघड अन्याय आहे.