जामीनकीचे वर्तुळ

आलेख सिद्धान्त हे नाव वाचून कृपया पान उलटू नये. शेअर बाजाराचे चढउतार दाखविणाऱ्या आलेखाशी त्याचा काही संबंध नाही. येथे आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. बिंदू म्हणजे गाव, दुकान किंवा माणूस. रेषा म्हणजे त्यांच्यामधील रस्ता, व्यवहार किंवा नाते. रेषा लांब की आखूड, याला महत्त्व नाही. कोण कोणाशी जोडलेला आहे, हेच पाहावयाचे. निवृत्तीनंतर भाच्याच्या अभियांत्रिकीच्या जुन्या पुस्तकावरून मी हा विषय शिकू लागलो आणि पहिल्याच प्रकरणापाशी आठवडाभर रेंगाळलो.

त्या प्रकरणात क्योनिग्सबर्ग हे प्रशियातील शहर येते. आज ते रशियात असून कालिनिनग्राद या नावाने ओळखले जाते. प्रेगेल नदीमुळे शहराचे चार भाग पडले होते आणि ते सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सातही पूल पार करता येतील काय, असे ते कोडे. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये ते अशक्य असल्याचे दाखविले. त्याची कारणमीमांसा कोणत्याही मुनीमजींना पटावी अशी आहे. वाटेत लागणाऱ्या भागात शिरण्यास एक पूल लागतो आणि बाहेर पडण्यास दुसरा. जमा आणि नावे यांची जोडीच म्हणा ना. म्हणून आरंभ आणि शेवट यांची ठिकाणे वगळता प्रत्येक भागाचे पूल सम संख्येत हवेत. तेथे एका भागाला पाच आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी तीन पूल होते. चारही विषम! वसुलीस निघालेल्या माणसाला तीच गल्ली पुन्हा का तुडवावी लागते, याचे उत्तरही पुष्कळदा यातच असते. त्याला आळशी ठरविण्यापूर्वी गल्ल्या मोजाव्यात.

रेषांना बाणाची दिशा दिली की व्यापाराचे चित्र उमटते. समजा, कापडवाला किराणेवाल्याचे ५०,००० रुपये देणे लागतो, किराणेवाला लोखंडवाल्याचे ५०,००० आणि लोखंडवाला कापडवाल्याचे ४०,०००. बाण फिरून मूळ जागी आले, म्हणजे वर्तुळ झाले. तिन्ही देण्यांतून ४०,००० वजा करा. वर्तुळ नाहीसे होते. उरले ते एवढेच, की कापडवाल्याने लोखंडवाल्याला थेट १०,००० द्यावेत. १,४०,००० रुपयांची देणी दहा हजारांत मिटली. बँकांचे समाशोधन गृह, म्हणजे आपले क्लिअरिंग हाउस, याच तत्त्वावर चालते: धनादेश कितीही असोत, शेवटी प्रत्येक बँकेचे निव्वळ येणे किंवा देणे तेवढे चुकते होते.

देण्याचे वर्तुळ असे सुखावह असते. जामीनकीचे वर्तुळ मात्र तसे नसते, आणि हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

नव्वदच्या दशकात एका बाजारपेठेच्या गावी मी कर्जविभाग सांभाळत होतो. तीन दुकानदारांच्या कॅश क्रेडिटच्या तीन फायली निरनिराळ्या महिन्यांत माझ्या मेजावर आल्या. कापडवाल्याला किराणेवाला जामीन, किराणेवाल्याला लोखंडवाला, आणि लोखंडवाल्याला कापडवाला. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे निर्दोष होती. प्रत्येक जामीनदाराची मालमत्ता पुरेशी होती. तिन्हींवर शिफारशीची सही माझी. पुढे लोखंडवाल्याचा धंदा बुडाला. बँकेने जामीनदार म्हणून कापडवाल्याकडे मागणी केली, तेव्हा त्याचे भांडवल आटले आणि त्याचेही खाते थकले. मग नोटीस किराणेवाल्याला गेली. त्याने मागे वळून आपल्या जामीनदाराकडे पाहिले, तर तेथे पहिल्यांदा बुडालेला लोखंडवालाच उभा! तीन जामिनक्या कागदावर होत्या; आधार एकाचाही नव्हता. कोऱ्या कागदावर तीन ठिपके आणि तीन बाण काढले असते, तर मला हे दोन मिनिटांत दिसले असते. किराणेवाल्याने राहते घर विकून रक्कम भरली. त्यानंतर रस्त्यात भेटले तरी ते मला नमस्कार करीत, आणि तोच मला अधिक जड जाई.

आपल्या समाजात शब्दाखातर जामीन राहण्याची रीत आहे आणि तीत मोठेपणाही आहे. परंतु सही दुकानात होते, लग्नमांडवात होते, कधी रुग्णालयाच्या व्हरांड्यातही होते. तिची नोंद खतावणीत होत नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या चुलतबंधूंच्या पेढीवर बसलो असता मी सहज एका कागदावर त्यांचा असा आलेख काढला. प्रथम माल देणारे आणि घेणारे. सात परगावच्या गिऱ्हाइकांच्या रेषा एकाच दलालापाशी येऊन मिळत होत्या. तो बिंदू बोटाने झाकला, तर पेढी सातांपासून तुटत होती. शास्त्रात अशा जागेला छेदबिंदू म्हणतात. भाऊ म्हणाले, “हे मला ठाऊक आहे, पण असे कधी पाहिले नव्हते.” नंतर मी जामीनकीचे बाण काढू लागलो. त्यांनी दोन नावे सांगितली आणि थांबले. मुलगा गल्ल्यावर होता. त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिले. मग माझ्या हातातील पेन्सिल घेऊन, मी न विचारलेला तिसरा बाण त्यांनी स्वतःच मेहुण्यांच्या नावापर्यंत ओढला आणि मुलाला जवळ बोलाविले.