‘आपण सारे मालक’ : एक नवी लबाडी

आमच्या तालुक्यातील एका बैठकीत मध्यंतरी एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न उपस्थित केला : संगणकाच्या क्षेत्रात ‘स्टार्टअप’ या नावाने ज्या नव्या कंपन्या निघाल्या आहेत, त्यांत राबणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न आपण हाती घ्यावयाचे की नाही? त्याचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच एक ज्येष्ठ साथी उद्गारले, “लाख-लाख रुपये पगार घेणारे कसले कामगार? ते तर मालकांचेच भाऊबंद!” हशा पिकला आणि अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. त्या हशात प्रस्तुत लेखकही सामील होता, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. पुढे जे पाहण्यात आले त्यामुळे ते हसणे अंगाशी आले.

आचऱ्यात आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो पुण्यातील एका लहानशा कंपनीत लागला आणि करोनाच्या साथीनंतर घरी बसूनच काम करू लागला. कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशा शेकडो आहेत. घाऊक भाजीव्यापाऱ्यांचे हिशेब ठेवणारी प्रणाली ही कंपनी तयार करीत होती. मुलगा कामावर मनापासून खूष होता, ही गोष्ट आपल्या सोयीची नसली तरी नमूद केली पाहिजे. मोठ्या कंपनीत दहा वर्षांत जे शिकायला मिळाले नसते, ते येथे दोन वर्षांत शिकलो, असे तो सांगे आणि ते खरेही असावे. परंतु त्याची आई मला म्हणाली होती, “पगार बरो आसा सर, पण झील जेवता कधी, ता इचारू नकात.”

रात्री बारा वाजता संस्थापकाचा संदेश येई. सकाळी दहाच्या बैठकीत त्याचे उत्तर तयार हवे. एका वर्षात कंपनीची दिशा तीनदा बदलली आणि तिन्ही वेळा आधीचे काम रद्द झाले. का बदलली, हे विचारणाऱ्याला ‘तुझ्यात मालकीची भावना कमी आहे’ असे सुनावले जाई. रजा मागितली की तोच मंत्र : कंपनी आपली आहे, आपण एक कुटुंब आहोत, आपल्याच घराच्या कामाला कोणी रजा घेतो का? आमच्या गावाची गावपळण वाचकांना ऐकून ठाऊक असेल. श्री देव रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही. त्या दिवसांत आचऱ्यातील सारे व्यवहार थांबतात. गेल्या गावपळणीत हा मुलगा वेशीबाहेरच्या झोपडीत मोबाइलच्या जोडणीवर लॅपटॉप उघडून बसलेला मी पाहिला. देवाने सोडले, पण कंपनीने सोडले नाही, असे मी थट्टेने म्हणालो. तो हसला नाही.

सव्वातीन वर्षांनी, दूरदृश्य बैठकीत बारा मिनिटांत, त्याच्यासह तीसेक जणांना काढून टाकण्यात आले. कुटुंबाचा उल्लेख त्याही बैठकीत झाला.

त्यानंतर तो आपले कागद घेऊन माझ्याकडे आला. त्यांत ‘ईसॉप’चा, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीत समभाग घेण्याचा जो हक्क देतात त्याचा, कागद होता. नोकरीला लागताना दुसऱ्या एका कंपनीचा अधिक पगार त्याने याच कागदासाठी नाकारला होता. आकडे थोडे गोल करून सांगतो. चार वर्षांत मिळून 4,000 समभागांचा हक्क. त्यांपैकी 3,000 त्याच्या पदरात पडलेले. प्रत्येकी 10 रुपये भरून ते घ्यावयाचे. कंपनीच्या अखेरच्या मूल्यांकनाप्रमाणे एकाची किंमत 510 रुपये. मुलाच्या हिशेबाने हे पंधरा लाख रुपये झाले. परंतु कंपनी सोडल्यापासून नव्वद दिवसांत 30,000 रुपये भरून ते घेतले नाहीत, तर हक्क संपला. घेतले, तर हे पंधरा लाख त्याचे त्या वर्षीचे वेतन समजून त्यावर तीन-साडेतीन लाखांचा आयकर आला. आणि हे समभाग विकावे म्हटले, तर बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही, कारण कंपनी शेअर बाजारात नोंदलेलीच नाही. नोकरी गेलेल्या मुलाने घरातील शिल्लक मोडून, उद्या कदाचित शून्य ठरेल अशा मालमत्तेवर आज कर भरावा, असा हा व्यवहार! 2020 च्या अर्थसंकल्पाने हा कर पुढे ढकलण्याची सवलत दिली खरी. पण ती सरकारी मंडळाने खास प्रमाणित केलेल्या स्टार्टअपांपुरती, आणि नोकरी सुटताच तीही संपते. म्हणजे जेव्हा सवलतीची गरज, नेमकी तेव्हाच ती नाहीशी होते. कायद्याची आणखी एक गंमत अशी की, कंपनीच्या प्रवर्तकांना ईसॉप घेता येत नाही हा सर्वसाधारण नियम. स्टार्टअपच्या प्रवर्तकांना मात्र पहिल्या दहा वर्षांपुरता त्यातून अपवाद आहे.

या किनाऱ्यावर वाट्याची गोष्ट कोणी कोणाला नव्याने शिकवावी असे नाही. रापण ओढली की मासळीचा वाटा त्याच दिवशी, त्याच वाळूवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. रापणीतही तंटे होतात, तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण रिकामे जाळे आले तर ते सर्वांसाठीच रिकामे असते, आणि भरलेले आले तर तुझा वाटा चार वर्षांनी, आणि तोवर तू आमच्यात असलास तरच, असे कोणी कोणाला सांगत नाही.

संस्थापकांचा आणि त्यांच्या भाटांचा यावर ठरलेला युक्तिवाद आहे : जोखीम आम्ही घेतली, म्हणून मालकी आमची आणि निर्णयही आमचा. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविल्यामुळे या युक्तिवादापाशी थोडे थांबणे मला भाग आहे. उद्योजकाचा सर्वांत मोठा स्तुतिपाठक अर्थशास्त्रज्ञ म्हणजे जोसेफ शुंपेटर. 1911 सालच्या आपल्या ग्रंथात त्यानेच बजावून ठेवले आहे की, जोखीम उचलणे हे उद्योजकाचे कार्य नव्हे. जोखीम असते ती भांडवल पुरविणाऱ्याची. आता हे भांडवल पुरविणारे पाहू. साहसवित्त पुरविणारा फंड आपला पैसा वीस-तीस कंपन्यांत वाटून ठेवतो. त्यांतील बहुतेक बुडणार हे तो गृहीत धरतो आणि एक-दोन तरल्या की त्याचा हिशेब जमतो. कर्मचाऱ्याला मात्र वीस नोकऱ्या एकाच वेळी करता येत नाहीत. त्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, समभागाची आशा आणि उमेदीची वर्षे ही सारी एकाच टोपलीत. ज्याला जोखीम विभागता येते त्याच्या हाती निर्णय, आणि ज्याला ती मुळीच विभागता येत नाही त्याच्या हाती फक्त ‘मालकीची भावना’, अशी ही वाटणी आहे.

पुराव्यासाठी दूर जावयास नको. मुंबईच्या पवईत आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी 2012 मध्ये ‘हाउसिंग डॉट कॉम’ ही कंपनी काढली. तिचे संस्थापक-प्रमुख राहुल यादव यांनी मे 2015 मध्ये आपले सारे समभाग 2,251 कर्मचाऱ्यांना वाटून देत असल्याची घोषणा केली. त्याआधी काही दिवसच त्यांनी संचालकांच्या बौद्धिक कुवतीवर ताशेरे ओढणारा राजीनामा दिला होता आणि नंतर तो मागेही घेतला होता. वर्तमानपत्रांनी त्यांचे औदार्य पहिल्या पानावर छापले. 1 जुलै 2015 रोजी संचालक मंडळाने त्यांना काढून टाकले. पुढच्याच महिन्यात सुमारे 600 कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्याचे जाहीर झाले. आणि जानेवारी 2017 मध्ये कंपनी ‘प्रॉपटायगर’मध्ये विलीन झाली. या साऱ्या नाट्यात संस्थापक आणि गुंतवणूकदार यांचे पत्रयुद्ध देशाने मिटक्या मारीत वाचले. त्या दोन हजारांवर ‘मालकां’ना मात्र कोणत्याही टप्प्यावर कोणी काही विचारले नाही. संस्थापक चांगला होता की वाईट, हा माझ्या मते येथे गौण प्रश्न आहे. उदार धन्याचा नोकर हाही नोकरच.

‘बायजूज’चे उदाहरण अधिक भीषण. 2022 मध्ये या कंपनीचे मूल्य 22 अब्ज डॉलर मानले जात होते. त्याच वर्षी, तिने विकत घेतलेल्या मुंबईच्या ‘व्हाइटहॅट ज्युनिअर’मधील लोकांना कार्यालयात परतण्याचा हुकूम निघाला, तेव्हा 800 च्या वर लोकांनी राजीनामे दिल्याच्या बातम्या आल्या. ऑक्टोबरमध्ये सुमारे 2,500 जणांच्या कपातीची घोषणा झाली. आणि नोव्हेंबरमध्ये, कपातीची शाई वाळते न वाळते तोच, कंपनीने फुटबॉलपटू मेस्सीला आपला राजदूत नेमले. कतारच्या विश्वचषकाचे प्रायोजकत्वही होतेच. 2024 मध्ये पगार रखडले. जुलै 2024 मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला, तो कोणाचा? क्रिकेट नियामक मंडळाचा, सुमारे 158 कोटींच्या थकबाकीपोटी. खेळाडूंच्या सदऱ्यावरील जाहिरातीचे पैसे मागणाऱ्याला दरबारात आधी दाद मिळाली.

येथे ज्येष्ठ साथींच्या त्या विनोदाकडे वळतो. ‘ते कामगार नाहीत’ हे वाक्य आपण हसण्यावारी म्हणतो; मालकाचा वकील तेच वाक्य गंभीरपणे न्यायालयात म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत, कंपनी मोडीत निघाल्यास ‘कामगारा’चे मागील 24 महिन्यांचे वेतन तारणधारक धनकोच्या बरोबरीने येते, जो कामगार नव्हे, नुसता ‘कर्मचारी’ आहे, त्याचे फक्त 12 महिन्यांचे, आणि तेही त्यांच्या मागून. तेव्हा कामगार कोणाला म्हणावे, हा शब्दच्छल नसून पोटाचा प्रश्न आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा येतोच. 18,000 रुपयांची वेतनमर्यादा आहे ती पर्यवेक्षकाला. तांत्रिक कामगाराला नाही. आणि हुद्द्याचे नाव ‘मॅनेजर’ आहे एवढ्याने कोणी व्यवस्थापक होत नाही, प्रत्यक्ष काम पाहावे लागते, हे आपल्या न्यायालयांनी कितीदा तरी सांगितले आहे. आमच्या शेजाऱ्याच्या मुलाच्या नेमणूकपत्रावर ‘लीड’ असे लिहिलेले होते. तो कोणाचेही नेतृत्व करीत नव्हता.

अर्थात ही संहिता आपल्या बाजूची आहे असा गैरसमज नको. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन 100 ऐवजी आता 300 कामगारांपासून सुरू होते. बहुसंख्य स्टार्टअप त्यातून सुटतात. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये दुकाने व आस्थापनांतील दैनिक कामाची मर्यादा 9 वरून 10 तासांवर नेण्याचे ठरविले. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास राबण्याचा उपदेश केला होता, आणि जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा 90 वर नेला. उपदेशाचे कायद्यात रूपांतर व्हायला फार काळ लागत नाही.

मूर्तींच्याच कंपनीने 1990 च्या दशकात समभाग वाटून अनेक सामान्य कर्मचाऱ्यांना श्रीमंत केले, असे कोणी म्हणेल. मान्य. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘स्विगी’ बाजारात आली तेव्हाही शेकडो कर्मचारी कोट्यधीश झाल्याच्या बातम्या होत्या. परंतु पावसात भिजत जेवणाचे डबे पोहोचविणारी पोरे त्यांत नव्हती, कारण त्यांना ‘भागीदार’ म्हणतात आणि भागीदाराला समभाग मिळत नाही! सोडत कोणाला तरी लागते, म्हणून लॉटरीला वेतनपद्धती म्हणता येत नाही.

1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत 43-अ हे कलम आले : उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. त्याच वर्षी जर्मनीने 2,000 हून अधिक कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा केला. त्यांनी तो अमलात आणला. आपले कलम मार्गदर्शक तत्त्वांत पडून आहे. जानेवारी 2016 पासून स्टार्टअपांना करमाफीपासून अनेक सवलती मिळत आहेत, त्या जनतेच्या पैशातून. मग सवलत हवी असेल तर संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी घ्यावा लागेल, पदरात पडलेला समभागाचा हक्क नव्वद दिवसांत बुडणार नाही, आणि त्यावरचा कर समभाग प्रत्यक्ष विकला जाईल तेव्हाच आकारला जाईल, या मागण्या आपण का करू नयेत? नाथ पै आणि मधू दंडवते यांना संसदेत पाठविणाऱ्या किनाऱ्यावरून तरी त्या उठाव्यात. गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांची नातवंडेच आज पुण्या-बंगळुरात हे काम करीत आहेत.

पुण्यात आणि बंगळुरात संगणकक्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या आहेत. त्या आपल्या मदतीवाचून उभ्या राहिल्या, ही नोंद आपण स्वतःसाठी ठेवावी. तालुक्याच्या पुढील बैठकीत हा विषय पुन्हा कार्यपत्रिकेवर घ्यावा, असे पत्र मी अध्यक्षांना दिले आहे. तोवर निदान एवढे तरी होऊ शकते : वेतन संहितेप्रमाणे काढून टाकलेल्या कामगाराचे सारे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे लागते. शेजारच्या मुलाला हे ठाऊक नव्हते, आणि कंपनीने त्याच्यापुढे ‘आमची काहीही मागणी उरलेली नाही’ असा कागद सहीसाठी ठेवला होता. सही करू नकोस, असे मी त्याला सांगितले. त्यावर त्याने विचारले, “सर, सही केली नाही तर पुढच्या कंपनीला ते माझ्याबद्दल काय सांगतील?” त्याला द्यावयाचे उत्तर एकट्या निवृत्त प्राध्यापकाजवळ नव्हते.