घर कोटीचं, हात रिकामे: रिव्हर्स मॉर्गेज नेमकं काय असतं?

राहायला कोटीचा फ्लॅट, पण औषधांसाठी मुलांकडे पैसे मागावे लागतात. असे आजी-आजोबा तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्यासाठीच 2007 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक योजना जाहीर झाली. रिव्हर्स मॉर्गेज.

गृहकर्जात आपण बँकेला हप्ता देतो, इथे बँक आपल्याला देते. वय किमान 60 हवं, घर स्वतः घेतलेलं आणि स्वतः राहत असलेलं हवं. मिळणाऱ्या पैशांवर आयकर नाही. पती-पत्नी दोघंही कर्जदार असतील, तर दोघांच्या हयातीत घर सोडावं लागत नाही. पुढे वारसांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं. नाहीतर बँक ते विकते आणि उरलेले पैसे वारसांना देते.

मग योजना फारशी चालली का नाही?

‘घर मुलांसाठी ठेवायचं’ ही भावना आहेच. पण गणितही बघा. महिन्याला 10,000 रुपये 20 वर्षं घेतले, तर हातात येतात 24 लाख. 10 टक्के व्याज धरलं, तर कर्ज होतं सुमारे 76 लाख.

खरी मेख पुढे आहे. साध्या योजनेत पैसे जास्तीत जास्त 20 वर्षंच मिळतात. साठीत सुरू केलं तर ऐंशीत बंद. डोक्यावर छप्पर राहतं, पण दवाखान्याचा खर्च?

म्हणून सही करण्याआधी विचारा: हप्ता किती वर्षं मिळणार? आणि मुलांशीही आधीच बोलून घ्या.