विनोदी मुद्रेची मालकी कोणाची?

'हेरा फेरी' (२०००) चित्रपटातील बाबूराव गणपतराव आपटे यांची जाड भिंगांच्या चष्म्याआडची वैतागलेली मुद्रा ठाऊक नसलेला मोबाइलधारक शोधूनही सापडणे कठीण. विजेचे बिल आले, पगार लांबला, पाहुणे न सांगता टपकले, की कोणी ना कोणी ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर धाडतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये हेच पात्र कायदेशीर वादाचा विषय ठरले. कपिल शर्मा यांच्या कार्यक्रमात त्याची विनापरवाना नक्कल झाल्याचा आक्षेप घेत निर्माते फिरोज नाडियादवाला यांनी २५ कोटी रुपयांची मागणी करणारी नोटीस बजावली.

रकमेपेक्षा त्यामागील प्रश्न मोठा आहे. पात्राचे मूळ 'रामजीराव स्पीकिंग' (१९८९) या मल्याळी चित्रपटात आहे. हिंदी चित्रपटाचे हक्क निर्मात्यांचे असले, तरी ती मुद्रा घडवली परेश रावल यांनी. मग नक्कल करणाऱ्याने परवानगी मागायची कोणाकडे?

व्यक्तिमत्त्व हक्कांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नसल्याने न्यायालयांनाच प्रकरणागणिक वाट काढावी लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांचे नाव, छबी, आवाज, एवढेच नव्हे तर त्यांच्या खास ढंगातील 'झकास' हा उद्गारही परवानगीविना व्यापारासाठी वापरण्यास मनाई केली. (मराठी माणसाच्या तोंडचा हा रोजचा शब्द, त्याला अर्थातच धोका नाही.) याच न्यायालयाने मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांना संरक्षण दिले; मात्र त्यांच्यावर विनोदी चित्रफीत करणाऱ्या एका यूट्यूबरला तातडीने रोखण्यास नकार दिला. हा नकार मनाईइतकाच मोलाचा आहे. सोंगाड्या आणि बहुरूप्यांच्या महाराष्ट्रात नकलेसाठी परवाना लागू लागला, तर वगनाट्यातल्या राजालाही वकील करावा लागेल.

दिवंगत कलावंतांची स्थिती अधिक बिकट. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली निवर्तले. 'अशी ही बनवाबनवी'तील (१९८८) त्यांच्या मुद्रा आजही स्टिकर होऊन फिरत आहेत, आणि त्यात चाहत्यांचे प्रेमच अधिक आहे. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याच चेहऱ्याला न केलेले हावभाव करायला लावून कोणी माल विकू लागला तर? सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये असे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत, अशी भूमिका घेतली. ती कायम राहिली, तर कुटुंबीयांची बाजू लंगडीच पडेल.

नामवंतांकडे निदान वकील तरी असतात. लग्नाच्या पंगतीत घास घेताना टिपलेला काकूंचा चेहरा, फळ्याकडून वळताना डोळे वटारलेल्या गुरुजींची छबी, डुलकी लागलेला लोकलमधला प्रवासी. यांच्याही मुद्रा स्टिकर होतात. नटाने ती मुद्रा हसवण्यासाठी, मोबदला घेऊन केलेली असते. यांची मुद्रा न विचारता उचललेली असते. माहिती तंत्रज्ञान नियमांनी (२०२१) समाजमाध्यम कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. परंतु घरच्या ग्रुपवरून शेजारच्या सोसायटीत पोहोचलेला चेहरा परत मागण्यासाठी काकू या अधिकाऱ्याला पत्र लिहिणार नाहीत. त्या फार तर फोटो काढणाऱ्या भाच्यालाच दटावतील, आणि तोवर तो स्टिकर त्याच्याही हातात राहिलेला नसेल.