मुंबई किती लांब?

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर भरतं सुमारे तीनशे किलोमीटर. महामार्गानं गेलं तर तेच पावणेचारशेच्या घरात जातं आणि मिरज-पुण्याचा वळसा घेणारी रेल्वे तर पाचशेच्या वर धावते. विमानाला घाट नाही, जंक्शन नाही. तासाभरात मुंबई!

हा तास मोजतात कसा, हे पाहण्यासारखं आहे. चाकांना लावलेले ठोकळे कर्मचारी काढतो, तिथं वेळ सुरू होते. मुंबईत चाकांना पुन्हा ठोकळे लागले की ती संपते. धावपट्टीपर्यंतची चाल, उतरायला जागा मिळेपर्यंतच्या घिरट्या, सगळं त्यातच. प्रवाशाचा हिशेब मात्र घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. विमानतळावर आधी पोचायचं, तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, उतरल्यावर मुंबईच्या गर्दीतून परळ किंवा मंत्रालय गाठायचं. तासाचे सहज पाच तास होतात. महालक्ष्मी एक्सप्रेस अकरा तास घेते खरी, पण रात्री जेवून बसलं की सकाळी थेट सीएसएमटीला सोडते.

म्हणून विमान किती मिनिटांत पोचतं, यापेक्षा ते कधी सुटतं आणि रोज सुटतं का, हे आपल्याला जास्त महत्त्वाचं. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये, इथं विमानतळ झाला. २०१८ मध्ये ‘उडान’ योजनेतून मुंबईची सेवा मिळाली. पुढं ती बंद पडत, पुन्हा सुरू होत राहिली. मार्च २०२४ मध्ये देखण्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. पण भर दुपारी जाणारं विमान सरकारी कामाला उपयोगी नाही. पोचेपर्यंत कचेरी उठायची वेळ होते आणि मुक्काम अटळ ठरतो.

अंतर खऱ्या अर्थानं कसं मिटतं, ते आपण नुकतंच पाहिलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची एका तारखेसाठी होणारी मुंबईवारी वाचली. त्यासाठी वकिलांनी चार दशकं लढा दिला.

टाटा रुग्णालय मात्र परळलाच आहे. केमोथेरपीनं थकलेल्या माणसाला रात्रभर गाडीत बसवणं किती जड जातं, हे ज्याच्या घरात घडतं त्यालाच कळतं. अशा माणसासाठी तरी सकाळी जाणारं आणि संध्याकाळी परत आणणारं विमान हवं, आठवड्याचे सातही दिवस हवं, आणि त्याचं तिकीट परवडणारं हवं. नव्या मार्गांची मागणी करताना लोकप्रतिनिधींनी आधी मुंबईच्या या वेळा पदरात पाडून घ्याव्यात.